माळवदाची माती कोण उतरवणार?

मागणी आधी सांगतो, तिची कारणं मागाहून. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात दरवर्षी दिवाळीनंतर मातीकामाची एक शाळा भरावी. ती पडायला आलेल्या एखाद्या माळवदावर, वाड्याच्या खचलेल्या भिंतीपाशी किंवा झेडपी शाळेच्या कुंपणावर भरावी, म्हणजे जिथे काम खरंच व्हायला हवं आहे तिथे. शिकवणाऱ्या गवंड्याला आणि सारवणाऱ्या बाईला तिथे रोजची मजुरी मिळावी. शिकणाऱ्यांत वास्तुशास्त्राची पोरं असावीत, तशी दहावीनंतर काम शोधत फिरणारी गावातली पोरंही असावीत. वारसा, पर्यावरण, पर्यटन हे शब्द मी शक्य तितके बाजूला ठेवणार आहे. त्यांच्याशिवायही ही मागणी उभी राहते. मातीच्या घरांत माणसं आजही राहतात आणि ती घरं नीट ठेवणारे हात संपत चालले आहेत.

१. सिडको-हडकोत राहून मातीची घरं इतिहासजमा झाली असं वाटणं सोपं आहे. पैठणच्या जुन्या गल्ल्यांत किंवा बीड-धाराशिवकडच्या एखाद्या गावठाणात फिरलं की ते खरं नाही हे कळतं. सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर किलचन, म्हणजे लाकडी फळ्यांचा थर, त्यावर पाला-गवताचा थर आणि वर पांढऱ्या मातीचं माळवद, अशी घरं उभी आहेत. त्यांत बहुधा घरातली म्हातारी माणसं राहतात, पोरं पुण्याला किंवा वाळूजला. माळवद गळू लागलं की वर प्लास्टिकचा कागद येतो आणि कागद उडू नये म्हणून त्यावर आणखी माती. भिंतीचे पोपडे निघाले की सिमेंटचा गिलावा. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि पृष्ठभागातून हळूहळू सोडून देते. सिमेंटने ती वाट बंद होते, ओल आतच साठते आणि भिंतीचा गाभा भुसभुशीत होत जातो. गिलाव्यावर मात्र रंग चकचकीत असतो. घर बाहेरून पक्कं दिसतं, आणि मला भीती वाटते ती त्याचीच.

२. या विषयावर बोलताना किल्लारीच्या भूकंपाला वळसा घालता येत नाही आणि घालूही नये. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावंच्या गावं बसली आणि आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसं गेली. त्या पहाटेनंतर मराठवाड्यात मातीवरचा विश्वास उडाला. ज्यांनी आपली माणसं त्या ढिगाऱ्यातून काढली, त्यांना मातीच्या गारव्याची महती सांगायला जाण्याइतकं निर्लज्ज कुणी असू नये.

तरीही काय पडलं आणि का पडलं, हे नेमकं बोलावं लागेल. तिथल्या भिंती दोन-अडीच फूट जाड होत्या, काही त्याहूनही जास्त. पण आतून पाहिलं तर त्या दोन वेगवेगळ्या पातळ भिंती होत्या. बाहेरच्या अंगाला दगडांची एक रांग, आतल्या अंगाला दुसरी, मध्ये चिखल आणि खडीची भर. दोन्ही अंगांना धरून ठेवणारा लांब आडवा दगड अनेक भिंतींत नव्हताच. दगड गोलसर, न घडवलेले. हादरा बसताच दोन्ही रांगा फाकल्या आणि कोसळल्या. वरून आलं माळवद. गळतीवर उपाय म्हणून वर्षानुवर्षं त्यावर माती टाकत गेल्याने ते फूट-दोन फूट जाड झालेलं होतं. हिशोब करून पाहा. दहा बाय बाराची खोली आणि वर दीड फूट माती, म्हणजे १८० घनफूट. कोरडी धरली तरी तिचं वजन आठ टनांच्या वर जातं. पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबरात, ती कोरडी नसते.

पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली होती. कित्येक घरांच्या भिंती ढासळल्या, पण लाकडी खण, म्हणजे खांब-तुळयांचा सांगाडा, उभा राहिला. जोड नीट केलेले होते तिथे छप्परही वरच राहिलं. घराचं वजन भिंतीवर न देता लाकडावर द्यायचं, ही जुन्या सुतारांची रीत त्या रात्री काही ठिकाणी कामाला आली.

पुढे जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. काही गावं हलली आणि बाकीच्या घरांसाठी मजबुतीकरणाचे उपाय ठरले. माळवदावरची जादा माती उतरवा, भिंतीत आरपार सांधे घाला, खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरके आधार ठोका, भिंतीला वरून पट्टा बांधा. यातल्या एकाही उपायाला परदेशी यंत्र लागत नाही. माळवद कसं रचलेलं असतं, कोणत्या बाजूने सोलत यायचं, कुठला खांब आधी टेकवायचा हे जाणणारा माणूस मात्र लागतो. त्याच्याशिवाय माती उतरवायला गेलात तर माळवद अंगावर येईल. म्हणून किल्लारीचं नाव घेऊन मातीकाम शिकवणं बंद करणाऱ्यांना मी विचारतो, उभ्या असलेल्या घरांची माती कोण उतरवणार?

३. हे काम पुस्तकातून का येत नाही, याबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

सुरुवात माती ओळखण्यापासून होते. आपल्याकडची काळी कपाशीची जमीन ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात त्या भेगांत हात जातो, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. ती तशीच भिंतीत घातली तर भिंतही तेच करणार. नुसता मुरूम घेतला तर तो धरत नाही. चिकण आणि रेव यांचा मेळ बसवावा लागतो. त्याच्या परीक्षा सोप्या आहेत. काचेच्या बाटलीत माती आणि पाणी हलवून ठेवायचं. रेव, गाळ आणि चिकण आपापले थर करून बसतात. ओल्या मातीची बोटाएवढी वळी करून टेबलाच्या कडेवरून पुढे सरकवायची आणि ती किती लांबीवर तुटते ते पाहायचं. मुठीएवढा गोळा छातीच्या उंचीवरून टाकायचा. तो पसरला तर पाणी जास्त, विखुरला तर चिकण कमी. इथपर्यंत तक्ता करून भिंतीवर लावता येईल.

पुढचं तक्त्यात बसत नाही. गारा तुडवताना पायाला आधी गुठळ्या लागतात, मग घसरण होते, मग एक क्षण असा येतो की पाय उचलताना चिखल धरून ठेवतो. तिथे भुसा घालायचा. त्याआधी घातला तर तो गोळा होऊन बसतो. मग गारा झाकून मुरायला ठेवायचा. किती दिवस, ते हंगामावर. भिंत दिवसाला फूट-दीड फुटाच्या वर चढवायची नाही, कारण खालचा थर ओला असेल तर वरच्या वजनाने पोट काढतो. थर पुरेसा सुकला की नाही हे अंगठा दाबून कळतं. किती दाबायचं हे कुणी लिहून दिलेलं नाही. गिलाव्याचा हात फिरवण्याआधी भिंत किती भिजवायची, तेही तसंच. कमी भिजवली तर गिलावा सुटतो, जास्त भिजवली तर घसरतो.

या चुका स्वतः केल्याशिवाय समजत नाहीत आणि त्या दुसऱ्याच्या घरावर करू नयेत. म्हणून शाळा हवी. तिथे पहिली भिंत पाडण्यासाठीच बांधलेली असावी. विद्यार्थ्यांनी ती बांधावी, वाळू द्यावी, मग पायथ्याशी आठवडाभर पाणी सोडून ती कशी बसते ते पाहावं. जोतं उंच आणि वळचण लांब का ठेवायची, याचं उत्तर त्या ढिगाऱ्यात सापडतं.

४. या जिल्ह्याला मातीच्या गिलाव्याचा जो नमुना लाभलेला आहे तो जगात फार थोड्या ठिकाणी असेल. अजिंठ्याची चित्रं थेट खडकावर नाहीत. माती, दगडाची भरड, धान्याचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू यांच्या लेपावर, त्यावरच्या पातळ पांढऱ्या थरावर ती काढलेली आहेत. तो लेप दीड हजार वर्षांहून जास्त काळ टिकून आहे, जिथे सुटला तिथे चित्रही गेलं. वेरूळच्या लेपाचा अभ्यास पुरातत्त्व खात्यातले रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि इथल्याच विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी केला. २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्यांनी दाखवलं की त्या मातीत भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले होते. अजिंठ्यात ते सापडत नाहीत, आणि किडीने केलेलं नुकसानही अजिंठ्यातच जास्त आहे. म्हणजे कुणीतरी एका लेण्यातल्या अनुभवावरून दुसऱ्या लेण्यातलं मिश्रण बदललं असावं. निदान मला तरी तसं वाटतं.

(भांग म्हटल्यावर वाचक हसले असतील. तिची लागवड आज परवान्याशिवाय करता येत नाही, त्यामुळे आपल्या शाळेने तो मोह टाळावा. अंबाडीचा वाख आपल्या शेतकऱ्यांच्या पिढ्यांनी दोरासाठी वळला आहे. तो वापरून पाहायला कुणाची हरकत नसावी.)

उलटं उदाहरणही अजिंठ्यातच आहे. निजामाच्या कारकिर्दीत, १९२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, लोरेन्झो चेकोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना चित्रं वाचवायला आणलं गेलं. त्यांनी सुटणारा लेप पक्का केला हे त्यांचं श्रेय. पण चित्रांवर दिलेली लाखेची झिलई पुढे पिवळी-काळपट पडली आणि ती काढण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची कित्येक वर्षं गेली. ते इटालियन आपल्या कामातले नामांकित लोक होते, तरी वापरलेला पदार्थ त्या जागेला मानवला नाही. माळवदाच्या भिंतीवर सिमेंट थापणारा आपला गवंडी याहून फार वेगळं काही करत नाही.

५. शिकवणार कोण? मातीकामाची जाणकारी ज्यांच्याकडे आहे त्यांना आपण जाणकार म्हणत नाही. वडार, बेलदार, गावचे जुने सुतार, आणि बायका. सारवण, लिंपण, पोतेरा ही कामं घराघरांत बायकांनी केली. शेण किती, माती किती, हात कुठल्या दिशेने फिरवायचा, दसरा-दिवाळीच्या आधी भिंतीचा कुठला भाग आधी धरायचा, हे सगळं त्यांच्या हातात होतं. त्याला मजुरी कधी नव्हती, म्हणून त्याला कौशल्यही म्हटलं गेलं नाही. घर सिमेंटचं झालं तशा त्या कामाबाहेर गेल्या. बांधकामावर त्या आता दिसतात त्या डोक्यावर घमेलं घेतलेल्या बिगारी म्हणून.

आज मातीकामाच्या ज्या कार्यशाळा होतात, त्यांत बहुतेक ठिकाणी पुण्या-मुंबईची तरुण मंडळी फी भरून येतात, चार-पाच दिवस चिखलात नाचतात आणि फोटो घेऊन जातात. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यातूनच काही चांगले वास्तुरचनाकार तयार झाले आहेत. पण अशा ठिकाणी गावातला गवंडी ‘स्थानिक मदतनीस’ असतो आणि शिकवणारा दुसराच असतो. आपल्या शाळेत ही उतरंड चालू नये. हजेरीपटावर ‘शिक्षक’ या रकान्यात वडाराचं आणि सारवणाऱ्या बाईचं नाव असावं आणि मानधन महाविद्यालयात पाहुण्या व्याख्यात्याला देतात तेवढंच असावं. अभियंत्याने मजबुतीचं गणित शिकवावं. तेही लागतंच, कारण जुन्या गवंड्याला भूकंपाचं सगळं ठाऊक होतं असं किल्लारी पाहून कुणी म्हणू शकणार नाही.

६. ‘तुम्ही स्लॅबमध्ये राहायचं आणि गरिबाला मातीत ठेवायचं’ हा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो. तो बरोबर आहे. मातीच्या घराला वाळवी लागते, उंदीर पोखरतात, दरवर्षी हात फिरवावा लागतो, आणि तो हात बहुधा घरातल्या सुनेचा असतो. सोयरीक जुळवताना पोरीचा बाप आधी छताकडे पाहतो. ज्याला घरकुल घ्यायचं आहे त्याने ते जरूर घ्यावं. मी कुणालाही मातीत राहा असं सांगत नाही. पण ज्याचं माळवद आज उभं आहे आणि ज्याच्या घरकुलाचा नंबर अजून लागलेला नाही, त्याचं काय, हा प्रश्न उरतोच. आणि मराठवाड्याच्या एप्रिलमध्ये रात्री अकरापर्यंत तापलेल्या स्लॅबखाली पंखा गरम हवा फेकत असतो, तेव्हा गावाकडच्या माळवदाखालची दुपार आठवणारे आपल्यात बरेच आहेत. नवं घर बांधताना एक तरी भिंत मातीच्या विटांची असावी असं त्यांना वाटलं, तर ती बांधून देणारा माणूस सापडला पाहिजे, एवढंच.

७. एक सावधगिरी. माळवदाला लागणारी पांढरी माती जुन्या गावठाणातून, गढ्यांतून आणि टेकाडांतून उकरली जाते. पैठण, भोकरदन, तेर ही सातवाहनांच्या काळातली नगरं आहेत आणि त्यांच्या पांढरीत नाणी, मणी, खापरं, घरांचे पाये दडलेले आहेत. मातीकाम शिकवायला म्हणून आपण टेकाड उकरू लागलो तर एक विद्या वाचवताना दुसरीचा पुरावा खाऊ. शाळेने पडलेल्या घरांची मातीच पुन्हा भिजवून वापरावी. मातीचा हा मोठा गुण आहे. पडलेली भिंत पाण्यात घातली की पुन्हा गारा होतो.

८. सरकारी दारं आहेत, ती ठोठावायला हवीत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात गवंड्यांसाठी ४५ दिवसांचं प्रशिक्षण आहे आणि ते प्रत्यक्ष घरकुल बांधतच दिलं जातं. म्हणजे कामावर शिकण्याचं तत्त्व सरकारने मान्य केलेलं आहे, फक्त मातीला त्यात जागा द्यायची आहे. याच योजनेसाठी ‘पहल’ नावाचा घरांच्या नमुन्यांचा संग्रह केंद्राने तयार करून घेतला. त्यात प्रदेशानुसार स्थानिक साहित्याची घरं सुचवलेली आहेत. १७ सप्टेंबर २०२३ ला, आपल्या मुक्तिसंग्रामदिनीच, पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या अठरा व्यवसायांत गवंडी, सुतार, कुंभार आहेत आणि पाच-सात दिवसांच्या मूलभूत प्रशिक्षणाला रोज ५०० रुपये विद्यावेतन आहे. पाच दिवसांत गवंडी होत नाही हे खरं, पण जुन्या गवंड्याला प्रमाणपत्र देऊन शिक्षक करायला ते पुरेल.

मानकंही आहेत. मातीच्या इमारतींच्या भूकंपरोधनाचं भारतीय मानक, आय.एस. १३८२७, किल्लारी झालं त्याच वर्षाचं, १९९३ चं आहे. दोन आडव्या भिंतींमधली लांबी जाडीच्या दहापटीहून जास्त नको, बाहेरच्या कोपऱ्यापासून चार फुटांच्या आत दार-खिडकी नको, असे गवंड्याला दोरी लावून मोजता येतील असे नियम त्यात आहेत. ते मराठीत, चित्रांसह, एका पानावर छापून देणं हे शाळेचं पहिल्या महिन्याचं काम असू शकतं.

खरी अडचण दरसूचीची येईल. ज्या कामाला दरसूचीत ओळ नाही त्याचं अंदाजपत्रक होत नाही, अंदाजपत्रकाशिवाय निविदा नाही, आणि मग वाड्याच्या मातीच्या भिंतीलाही सिमेंटच लागतं, कारण सिमेंटचा दर ठरलेला आहे. मातीचा गिलावा, पांढरीचं माळवद, किलचन बदलणं यांचे दर ठरवून घेणं हे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाने मनावर घेतलं तर होण्यासारखं आहे.

९. दुसरीकडे काय झालं ते थोडक्यात. कच्छमध्ये २६ जानेवारी २००१ ला भूकंप झाला. तिथले गोल मातीचे भुंगे बरेचसे तगले, हे लोकांनी पाहिलं. त्यानंतर भुजमध्ये ‘हुन्नरशाला’ ही संस्था उभी राहिली आणि पुढे शाळा सुटलेल्या मुलांना कारागिरांच्या हाताखाली घडवणारी ‘कारीगरशाला’. ऑरोव्हिलमध्ये १९८९ पासून मातीच्या बांधकामाचं शिक्षण देणारी संस्था आहे. किल्लारी कच्छच्या सुमारे सव्वासात वर्षं आधीची. मराठवाड्यात तशी कायमची संस्था का उभी राहिली नाही, याचं उत्तर मला पैशात सापडत नाही. आपण बाहेरून आलेली घरं घेतली आणि विषय मिटवला. वास्तुशास्त्र शिकवणारी महाविद्यालयं शहरात आहेत, अभियांत्रिकीची तर पुष्कळ. मजबुती मोजणारं यंत्र त्यांच्याकडे असतंच. मातीची वीट त्यात ठेवून दाबायला किती वेळ लागतो?

१०. पहिल्या वर्षी फार काही करू नये. पैठण तालुक्यातलं एक राहतं, गळकं माळवद घ्यावं, घरमालकाच्या लेखी संमतीने आणि त्याच्या राहण्याची सोय लावून. कार्तिकात मोजमापं, मार्गशीर्षात माती उतरवणं. उतरवलेली माती वजन करून नोंदवावी, म्हणजे किती टन डोक्यावर घेऊन ते कुटुंब झोपत होतं ते गावाला आकड्यात कळेल. पौष-माघात लाकडाचे जोड आणि तिरके आधार, भिंतीतले आरपार दगड, मग फाल्गुन-चैत्रात नवं, हलकं माळवद आणि गिलावा. विद्यार्थी वीसच्या वर नकोत. गळती लागली तर ती कुठे लागली हे पावसाळ्यात घरातल्या बाईने कोळशाने भिंतीवर खूण करून ठेवावं आणि दिवाळीआधीच्या ग्रामसभेत सगळ्यांसमोर सांगावं, शाळेची अब्रू गेली तरी. खर्च जिल्हा नियोजन समितीतून मागावा. एका माळवदाची रक्कम तिथल्या कामांच्या यादीत डोळ्यांत भरण्याइतकी नसते. दुसऱ्या वर्षीचं घर मात्र अधिकाऱ्यांनी किंवा महाविद्यालयाने निवडू नये. ते त्याच ग्रामसभेने निवडावं, कारण पावसाच्या रात्री कुणाच्या घरात पातेली मांडली जातात हे गावाला पाठ असतं.